धुऱ्यावरच्या झोळ्या

कापसाच्या वावरात लेकराचं रडणं ऐकू आलं की मला बरं वाटतं. आमच्या घरचे हसतात मला. "तुझं सगळं उलटंच," असं माझा नवरा म्हणतो, आणि त्यात खोटं काही नाही. लोकांना रडणारं मूल सोसवत नाही, मला गप्प मूल सोसवत नाही. वाटेनं जाताना कुणाच्या धुऱ्यावर, म्हणजे वावराच्या बांधावर, बाभळीला बांधलेली झोळी दिसली आणि आतून काहीच आवाज आला नाही, की माझे पाय अडतात. झोळीच्या लुगड्याला कान लावून आतला श्वास ऐकल्याशिवाय मी पुढे जात नाही. गावातल्या बायांना आता त्याची सवय झाली आहे.

दिवाळी झाली, वेचणी लागली. सिंदीकडच्या या काळ्या वावरांना या दिवसांत एक कोरडा वास येतो; वाळत आलेल्या कपाशीच्या पऱ्हाटीचा, धुळीचा, धुऱ्यावरच्या तुळशीच्या रानरोपांचा. सकाळी बोंडांवर दव असतं म्हणून कापूस जड लागतो. बाया कमरेला कापसाची ओटी बांधून ओळीनं तासात, कपाशीच्या दोन रांगांमधल्या सरीत, शिरतात आणि थोड्याच वेळात नुसती डोकी दिसू लागतात. मग डोकीही वाकतात. दहा-बारा बाया वावरात आहेत आणि वावर रिकामं दिसतं, असं फक्त कापसातच होतं.

घरातही तेच. या दिवसांत आमच्याकडे माणसांना जागा नसते. पुढची खोली आढ्यापर्यंत कापसानं भरते, खाटा ओसरीत येतात, भाकरीत तंतू सापडतात, अंगाला खाज सुटते. पोरं ढिगावर उड्या मारतात. मी लग्न होऊन आले त्या वर्षी मलाही त्या ढिगात हात खुपसायचा मोह व्हायचा. आत ऊब असते. पण एक गोष्ट मला तेव्हाच जाणवली होती. कापसानं भरलेल्या खोलीत आवाज घुमत नाही. दारात उभं राहून कुणाला हाक मारली तरी ती समोरच्या ढिगात जिरून जाते. तेव्हा मी एकोणीस वर्षांची होते, मॅट्रिक झालेली, हिंगणघाटची. मला ती गंमत वाटली होती.

मोठ्या दुष्काळाला तेव्हा दोन-तीन वर्षं झाली होती. पऱ्हाटी छातीएवढी वाढली होती. जो तो म्हणत होता की असा कापूस किती दिवसांत पाहिला नाही. पहिल्या वेच्याच्या सकाळी सासूबाईंनी, म्हणजे मामीजींनी, माझ्याकडून सीतादही करवून घेतलं. वावराच्या कोपऱ्यात सात खडे मांडायचे, त्यांना कुंकू लावायचं, दहीभाताचा नैवेद्य दाखवायचा, पहिल्या बोंडांचा कापूस त्यांच्यावर ठेवायचा, आणि मग वेचणीला हात घालायचा. सगळ्या बायांनी हात जोडले. मामीजी म्हणाल्या, "माय, आमच्या लेकराइले सांभाळजो." आमच्या लेकरांना म्हणजे त्या सगळ्यांच्याच लेकरांना म्हणत होत्या. त्यांच्या मनात भेद नव्हता, हे मी आजही शपथेवर सांगेन.

खड्यांपासून पाचपन्नास पावलांवर बाभळीला तीन झोळ्या टांगलेल्या होत्या.

त्यांतली मधली प्रल्हादची. त्याची आई रुख्मा आमच्याकडे वेचायला येई. माझ्याहून वर्षा-दोन वर्षांनी मोठी असेल. तिचा नवरा सिंदीला कापसाच्या जिनात कामाला होता. प्रल्हाद सात महिन्यांचा, खाली दोन दात आलेले. आधीचं एक मूल हाती लागलं नव्हतं, म्हणून त्या जुन्या गोष्टीतल्या पोरासारखा हा सगळ्यांतून तरून जावा, या आशेनं तिनं ते नाव ठेवलं होतं. त्याच्या बारशाला मी गेले होते. एका बाईनं पाळण्याखालून द्यायचं, दुसरीनं वरून घ्यायचं, गोविंद घ्या, गोपाळ घ्या. तेवढ्या बायांच्या हातांतून ते मूल फिरलं आणि प्रत्येकीनं त्याची दृष्ट काढली. माझ्याही हातात आलं होतं. मला तेव्हा भरून आलं होतं, की बघा, या खेड्यात एका गरिबाच्या मुलाला किती आया आहेत.

झोळीतल्या मुलांना बाळगोळी द्यायचे. ज्यांनी ती पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगते. मोहरीपेक्षा जरा मोठी, काळी, चकचकीत गोळी. तिच्यात अफू असते. सिंदीच्या दुकानात हळदीकुंकवाच्या पुड्यांशेजारी बरणीत असायची. आईच्या दुधात उगाळून बोटानं चाटवली की मूल दोन-तीन तास निजतं. आई पहाटे घर सोडते, दिवस कलला की परतते, आणि जितका कापूस तितकी मजुरी. मूल रडलं की तास सोडून यावं लागतं, मग ओळ मोडते, बाकीच्या पुढे निघून जातात. म्हणून गोळी. ती कुणी लपवून देत नव्हतं. प्रत्येक बाईच्या पदराच्या गाठीत सुपारीच्या खांडाबरोबर एक-दोन गोळ्या असायच्याच, स्वतःला मूल असो की नसो. कुणाचंही रडलं की जी जवळ असेल तिनं द्यायची. याला गावात शेजारधर्म म्हणत.

माझा नवरा तेव्हा मामीजींच्या सांगण्यावरून सगळी माणसं लावून ठेवायचा. कापूस मोजायला एक गडी. बैलांना दुपारी सोडून पाणी दाखवायला एक. रानडुकरांवर लक्ष ठेवायला मचाणावर एक. त्यांपैकी कुणी जागेवर नसला तर घरात रागवारागवी व्हायची. झोळ्यांपाशी कोण, असं विचारलं असतं तर उत्तर तयार होतं. सगळेच आहेत की! आणि सरजाबाई आहेच. सरजाबाई म्हणजे म्हातारी, नजर अधू झालेली, वेचायला निरुपयोगी, म्हणून सावलीत बसवलेली. ती झोळ्यांना झोके द्यायची आणि बसल्या बसल्या पेंगायची.

त्या दिवशी मी भाकरीची टोपली घेऊन दुपारी वावरात पोचले, तेव्हा सरजाबाई विहिरीवर पाणी आणायला गेली होती आणि प्रल्हाद टाहो फोडत होता. दूर रुख्मा मान वर करून तासाच्या तोंडाशी आली. तिची चोळी पुढून ओली झाली होती, ते एवढ्या लांबूनही दिसलं. ती ओटी सावरत यायला निघाली. धुऱ्यावर बसलेल्या मामीजींनी तिला हातानंच थांबवलं.

"तू वेच वं रुख्मे. सूनबाई पाह्यते त्याले." मग पदराची गाठ सोडून माझ्या तळहातावर ती काळी गोळी ठेवली. "घे. देऊन दे एक. तिची ओळ मोडू नोको."

"मामीजी, सकाळची देली असन ना त्याले?"

"सकाळची सकाळी गेली. दुपार झाली आता."

मी डब्याच्या झाकणात पाण्याचा थेंब घेऊन गोळी उगाळली. मला कुणी शिकवलं नव्हतं, पण पाहून पाहून येतं. बोटाला लावून त्याच्या तोंडात घातली. त्यानं बोट घट्ट धरलं आणि चोखलं. ते दोन दात मला लागले. पाचेक मिनिटांत तो शांत झाला, माझं बोट मुठीत ठेवूनच. तासातून कुणीतरी ओरडून म्हणालं, "धाकल्या बाईचा हात गुनाचा हाय बापा!" सगळ्या हसल्या. रुख्माही हसली. लग्नानंतर त्या गावानं मला दिलेली ती पहिली शाबासकी. मी इतकी फुलले की माझी भाकर खायची राहून गेली.

कापूस मोजायच्या वेळी बाया आपापल्या झोळीशी आल्या. रुख्मानं त्याला पाजायला उचललं, तर मान मागे गेली. ओठ काळसर. श्वास होता, पण घशात घुरघुर करत, मध्येच थांबत, मग पुन्हा सुरू होत. तिनं गालावर चापट्या मारल्या, पाणी शिंपडलं, तळपाय घासले. त्याचे डोळे अर्धे उघडेच होते आणि बाहुल्या खसखशीच्या दाण्याएवढ्या झाल्या होत्या.

बैलबंडी जुंपली. रुख्मा, सरजाबाई आणि मी. माझा नवरा हाकायला. मला का पाठवलं, तर डॉक्टर आमच्या घरच्या ओळखीचे, मालकाची सून बरोबर असली म्हणजे लवकर बघतील. निघताना मामीजी चाकापाशी आल्या आणि हळू म्हणाल्या, "डाक्टरपाशी जास्त बोलजो नोको. घराचं नाव हाय." त्या दुष्ट नव्हत्या. रुख्माच्या बाळंतपणाला तूप आणि डिंकाचे लाडू त्यांनीच पाठवले होते. पण चांगल्या बायकाही असं बोलतात.

सिंदीला पोचलो तेव्हा दिवस मावळतीला आला होता. दवाखाना स्टेशनजवळच होता. डॉक्टरांनी मुलाची पापणी उलटून पाहिली आणि एकच प्रश्न विचारला.

"किती दिल्या?"

"एकच, साहेब," रुख्मा म्हणाली. "सकाऊन आल्याबरोबर. एकच देलती."

सरजाबाई रडायला लागली. "म्या बी देलती एक. भाकरीच्या आंधी. लेकरू लयच किरकिर करून राह्यलं होतं. मले काय मालूम हिनं देली होती म्हून?"

"म्हणजे दोन," डॉक्टर म्हणाले. "दोन असतील तर मी इथंच बघतो, जागवत ठेवू. पण जास्त गेल्या असतील तर माझ्याकडे काही नाही. मग ही आत्ता येणारी पॅसेंजर धरा आणि वर्ध्याच्या मोठ्या दवाखान्यात न्या. नीट आठवून सांगा. दोनच ना?"

मी तिथेच होते. भिंतीला टेकून उभी. मॅट्रिक झालेली, त्या खोलीत डॉक्टरांखालोखाल शिकलेली. माझ्या बोटावर दोन दातांची खूण होती की मला तसा भास होत होता, कोण जाणे. मला सगळं कळत होतं. गाडी फलाटात शिरताना दवाखान्याची खिडकी थरथरली. ती किती वेळ थांबते हे मला माहीत होतं, कारण माहेरी मी तिनंच जात असे. मी मोजत होते. घराचं नाव, मामीजी, नवऱ्याची बाहेर उभी असलेली पाठ, 'गुनाचा हात', हे सगळं माझ्या तोंडावर हात ठेवून बसलं होतं. शिट्टी झाली. गाडी हलली. शेवटचा डबा गेला आणि खिडकी थरथरायची थांबली, तेव्हा मी म्हणाले, "तीन."

मी आत्तापर्यंत अनेकदा मनाशी घोकलं आहे की ते मी आधी म्हणाले. ते खोटं आहे. मी नंतर म्हणाले.

डॉक्टर धावत बाहेर गेले आणि कापसाच्या गठाणी भरून वर्ध्याला निघालेला एक ट्रक अडवला. रुख्मा आणि मी ड्रायव्हरशेजारी बसलो, माझा नवरा मागे गठाणींवर; सरजाबाई मागे राहिली, जिनात बापाला निरोप द्यायला. केळझर गेलं, सेलू गेलं. रुख्मा त्याच्याशी बोलत होती. आपल्या घरातल्या वस्तूंची नावं त्याला सांगत होती, पाटा, चूल, बकरी, असं काहीबाही, म्हणजे त्यानं ऐकावं. माझ्याकडे तिनं एकदाही पाहिलं नाही. पवनारला धामच्या पुलावर ट्रक चढला. खाली पाण्यात अजून थोडा उजेड होता. पुलाच्या मध्यावर तिचं बोलणं थांबलं.

"वहिनी," ती म्हणाली, "हा चूप झाला."

गावात सांगितलं गेलं की दूध छातीत अडकलं. सगळ्यांनी ते मान्य केलं. दहा दिवस रुख्माच्या घरी चूल पेटू दिली नाही, रोज कुणी ना कुणी भाकरी नेऊन दिली. बायांनी तिला एकटीला सोडलं नाही. मामीजी दोनदा जाऊन आल्या. "कोनाचं काई चुकलं नाई माय," असं सगळ्या म्हणत होत्या आणि मला ते ऐकवत नव्हतं. कारण खरंच, एकेकीचं पाहिलं तर कुणाचं काय चुकलं होतं? आईनं एक दिली. म्हातारीनं एक दिली. सुनेनं एक दिली. तिघींनी मायेनं दिली. मूल सगळ्यांचं होतं, म्हणून कुणी कुणाला विचारलं नाही. एवढा गाव, आणि त्या मुलाच्या पोटात सकाळपासून काय गेलं हे ज्याला माहीत असावं असा एकही माणूस गावानं नेमला नव्हता. डुकरांसाठी नेमला होता. मला राग येतो. तेव्हा येत नव्हता, तेव्हा नुसती भीती होती. राग नंतर आला आणि तो वयाबरोबर वाढतो आहे.

दोन वर्षांनी रुख्मा पुन्हा वेचणीला आली. कडेवर तीन-चार महिन्यांची मुलगी. मी बाभळीखाली उभी होते. मला वाटलं, ही दुसऱ्याच्या वावरात जाईल. ती सरळ माझ्यापर्यंत आली आणि मुलगी माझ्या हातात दिली.

"तुमी बसा हिच्यापाशी," ती म्हणाली.

"मी? रुख्मा, काऊन मी?"

"तुमाले मालूम हाय म्हून. दुसऱ्या कोनाले मालूम नाई." मग ओटी बांधत म्हणाली, "काई देजा नोका. रडली त मले हाक मारजा. म्या येईन."

ती आली. दिवसातून चारदा-पाचदा आली, ओळ मोडून. मामीजी दोन दिवस धुसफुसल्या, मग गप्प झाल्या. त्या वेचणीपासून आमच्या वावरात झोळ्यांपाशी मी बसते. माझी स्वतःची दोन त्याच बाभळीखाली मोठी झाली. कुठल्या मुलानं काय खाल्लं, कधी पाजलं, हे आईनं जाता-येता मला सांगायचं, एवढा एकच नियम. यात फार मोठं काही नाही. अख्ख्या शिवारात ते एकच वावर आहे, आणि शिवार मोठं आहे.

काळ बदलला असं सगळे म्हणतात. गावात अंगणवाडी आली. देवळाच्या सभामंडपात भरते, ताई मन लावून गाणी शिकवते, मुलांना सुकडी मिळते. पण ती उघडते दहाला, आणि वेचणारी बाई घर सोडते उजाडताना. तिथं तीन वर्षांचं मूल बसतं, झोळीतलं बसत नाही. मी एकदा अंगणवाडीच्या वरच्या साहेबाला विचारलं होतं, निदान वेचणीचे दोन-अडीच महिने तरी लवकर उघडता येईल का? साहेब चांगला माणूस होता. त्यानं माझं सगळं ऐकून घेतलं आणि वर कळवतो म्हणाला. बाळगोळी आता दुकानात उघड्यावर मिळत नाही, हेही खरं. आता सर्दीची बाटली असते. तिच्यानंही झोप येते, हे बायांना कुणी सांगावं लागत नाही. पदराच्या गाठीऐवजी ती भाकरीच्या फडक्यात असते.

यंदाची सीतादही परवा झाली. सात खडे मीच मांडले, मामीजी आता नाहीत. हात जोडले तेव्हा माझ्या तोंडात त्यांचेच शब्द आले आणि मी ते पुरे म्हटले नाहीत. शेजारच्या वावरात ट्रॅक्टरनं बाहेरगावच्या बाया आणल्या होत्या. जामकडच्या, एकमेकींना धड ओळखत नसलेल्या. त्यांच्या धुऱ्यावर निंबाला एकच झोळी होती. सकाळी ती रडत होती, मी इकडून ऐकलं होतं. दुपारी मी भाकर खायला बसले आणि माझ्या लक्षात आलं की बराच वेळ तिकडून आवाज नाही.

मी धुरा ओलांडला. लुगड्याला कान लावला. मूल सात-आठ महिन्यांचं, मुलगा. श्वास घशातून येत होता. मध्येच थांबत होता.

मी त्याला उचलून घेतलं आणि ओरडले, "कोनाचं हाय हे?"

पऱ्हाटीतून एक पोरसवदा बाई धावत आली. माझ्या तोंडाकडे पाहूनच ती घाबरली.

"काय देलं याले?"

"औषद. सर्दीचं. एकच झाकन देलं, काकू. एकच."

तिच्यामागे एकेक करत बाकीच्या उभ्या राहिल्या. पऱ्हाटीच्या वर दहा-बारा डोकी, उन्हानं रापलेली, माझ्याकडे पाहत. "अजून कोनी देलं?" मी विचारलं. "बाया हो, रागावत नाई मी. अजून कोनी देलं?" वावर गप्प. ती शांतता मला चांगली ठाऊक होती. मी तिच्यात एकदा भिंतीला टेकून उभी राहिले होते, आणि बाहेर गाडी निघून गेली होती.

ट्रॅक्टर बायांना सोडून परत गेला होता; माझी ओरड ऐकून माझ्या नवऱ्यानं तिकडे बंडीला बैल लावायला घेतले होते. मूल माझ्या खांद्यावर जड होत चाललं होतं. इतक्या वर्षांत गावासमोर जे एकदाही बोलले नव्हते, ते मी त्या अनोळखी बायांसमोर मोठ्यानं बोलले.

"मी बी देलती एकदा, दुसरीच्या लेकराले. डाक्टरनं विचारलं तं मी चूप राह्यली. ते लेकरू मेलं. आता सांगा."

पार टोकाच्या तासात एक हात वर आला. आणि मग, त्याच्यापासून दोन ओळी सोडून, दुसरा.